मधला ठिपका

मागच्या थंडीत पुण्याला आमचं प्रशिक्षण होतं. दहशतवादी टोळ्या फोनच्या नोंदींवरून कशा ओळखायच्या आणि कुठे तोडायच्या, हा विषय. हॉल गारेगार, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. पडद्यावर एक चित्र आलं. मधोमध एक ठिपका, त्याच्यापासून चहूकडे रेघा, प्रत्येक रेघेच्या टोकाला आणखी एक ठिपका. शिकवणारा अधिकारी तरुण होता, बोलायला गोड. म्हणाला, "हा किनारपट्टीवरचा आपला नमुना. मधला ठिपका बघा. हा सूत्रधार. त्याचं एक वाक्य ऐकायची गरज नाही, फक्त मोजता आलं पाहिजे."

त्या मधल्या ठिपक्याच्या हातची शेवयांची खीर मी खाल्लेली आहे. आणि तो सूत्रधार नाही हे ज्या बाईंनी भर बैठकीत दाखवून दिलं, त्यांच्याकडून मी गणित शिकले. मी हात वर केला. "प्रश्न शेवटी घेऊ," अधिकारी म्हणाला. शेवटी चहा झाला, सामोसे झाले, प्रश्न काही झाले नाहीत.

म्हणून लिहितेय. मी अजून पोलिसात नोकरी करते, त्यामुळे गावाचं नाव लिहिणार नाही आणि हुद्देही मोघम ठेवणार. नागवेकर मॅडमबद्दल मात्र मोघम लिहिणार नाही. त्यांना मोघम खपायचं नाही.

रत्नागिरीच्या कॉलेजात त्या गणित शिकवायच्या. ठेंगणी मूर्ती, सुती साडी, पायात रबरी चपला. चष्म्याच्या डबीत चष्मा कधीच नसायचा, तो नाकावर असायचा, डबीत खडू. कॉलेजचा खडू भुसभुशीत असतो म्हणून स्वतःचे आणायच्या आणि तास संपला की उरलेला तुकडा पुन्हा डबीत. स्कूटर चालवायच्या ती रस्त्याच्या बरोब्बर मधून, बैलगाडीच्या वेगाने. मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी बाजूला होत नसत. एकदा मी मागे बसले होते. एका ट्रकवाल्याने पुढे काढताना शिवी हासडली. मॅडम म्हणाल्या, "घाई त्याला आहे, मग बाजूला मी का होऊ?"

मी देवरूखच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. वडील मुंबईत हॉटेलात वाढपी होते, आई शेतावर. आमच्या सात पिढ्यांत पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. कॉलेजात मात्र तेच मी रडगाणं म्हणून वापरायची. उदाहरण सुटलं नाही की, "मॅडम, आमच्या घरात कोणी शिकलेलं नाही."

दोनदा त्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा खडू खाली ठेवला.

"काय गो सविता, हे तू कारण म्हणून सांगतेस की अभिमान म्हणून?"

मी वहीची पानं चाळायला लागले.

"ठरव. कारण असेल तर घरी जा. अभिमान असेल तर फळ्यापाशी ये."

मी फळ्यापाशी गेले. उदाहरण तेव्हाही चुकलंच. पण त्यानंतर ते वाक्य मी फक्त एकाच अर्थाने वापरते.

पुढे मी पोलीस भरतीत लागले. बीएस्सी झालेली शिपाई म्हणून मला फोनच्या नोंदी तपासणाऱ्या खोलीत बसवलं. कोणी, कोणाला, कधी, किती वेळ फोन केला, आणि तेव्हा फोन कोणत्या टॉवरखाली होता, एवढंच त्या नोंदींत असतं. बोलणं नसतं. दिवसभर आकडे बघून डोळे चुरचुरायचे आणि हाती काही लागायचं नाही. आमच्या साहेबांनी एक दिवस विचारलं, हे शास्त्रशुद्ध शिकवणारं कोणी आहे का जिल्ह्यात? मी मॅडमचं नाव सांगितलं. त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, मिरजोळ्याला भावाच्या घराशेजारी राहायच्या.

त्या आल्या त्या खडूची डबी घेऊनच. खोलीत पांढरा फळा होता, पेनाने लिहायचा. त्यांनी नाक मुरडलं आणि भिंतीच्या हिरव्या रंगावरच लिहायला सुरुवात केली. साहेबांना धड हसताही येईना, रागावताही येईना.

"मॅडम, दहशतवाद्यांचं जाळं..." त्यांनी सुरुवात केली.

"जाळं म्हणू नका," मॅडम म्हणाल्या. "माझा बाप मिऱ्याच्या किनाऱ्यावर जाळी विणायचा. जाळ्यात सगळ्या गाठी सारख्या असतात. माणसांत नसतात. सारख्या असत्या तर मला बोलावलं नसतंत."

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे सगळी नावं पुसून टाकली. सरावासाठी आम्ही जुन्या प्रकरणातले नंबर नावांसकट दिले होते. त्यांनी प्रत्येक माणसाला माशाचं नाव दिलं. बांगडा, सुरमई, हलवा, सरंगा, मुडदुशी. एक हवालदार माळकरी होते, त्यांची पंचाईत झाली. "मॅडम, भाज्या चालणार नाहीत का?"

"चालतील हो. पण तुम्हाला दोडका आणि पडवळ यांत आवडनिवड असेल. मासे तुम्हाला सगळे सारखेच वर्ज्य. तुमच्यासारखा निःपक्षपाती माणूस खात्यात दुसरा नाही."

सगळे हसत असतानाच मग त्यांनी मुद्दा सांगितला. "नाव वाचलं की तुमचा तपास संपतो. नाव कोणत्या मोहल्ल्यातलं, कोणत्या आळीतलं, हे कळलं की उरलेले आकडे तुम्ही त्याच्या पाठीमागे उभे करता. म्हणून आधी मासे. रेघा सगळ्या कळल्या की मग नावं."

शिकवणी तीन दिवसांची ठरली होती. पहिल्या दिवशी त्यांनी सोपं शिकवलं, कोणाच्या किती रेघा ते मोजायचं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "काल शिकवलं ते अर्धवट आहे. ज्याच्या रेघा जास्त तो मोठा, असं नसतं. पोस्टमनच्या रेघा सगळ्यांत जास्त. शोधायचा तो असा, की जो काढला तर उरलेले एकमेकांना मिळतच नाहीत. त्याच्या रेघा कधीकधी दोनच असतात." आणि रेघ कशाची आहे हे कसं शोधायचं, ते तिसऱ्या दिवशी सांगते म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी कोणी मोठे पाहुणे जिल्ह्यात येणार होते, सगळे बंदोबस्ताला गेले. तिसरा दिवस झालाच नाही. कागदावर मात्र शिकवणी पूर्ण झाली, समारोपाचा फोटोही आहे. फोटोत मॅडम नाहीत.

जेवढं शिकवलं तेवढ्याचा उपयोग झाला, हेही सांगते, नाहीतर कोणी म्हणेल ही बाई पोलिसांना कामच करू देत नव्हती. किनाऱ्यावर स्फोटकं उतरवणारी एक टोळी होती. सगळ्यांचा डोळा तिच्या म्होरक्यावर. मोठ्या आवाजाचा, मोठ्या गाडीचा माणूस. मॅडमनी नोंदी माशांत बदलून भिंतीवर मांडल्या आणि भलत्याच ठिकाणी बोट ठेवलं. "ही मुडदुशी. हिला फक्त दोन रेघा. एक होडीवाल्यांकडे, एक माल मागवणाऱ्यांकडे. हिच्याशिवाय ती दोन टोकं एकमेकांशी बोलतच नाहीत."

"आणि म्होरक्या?"

"डोकं तोडाल तर दुसरं उगवेल. पैसा आहे, माणसं आहेत. सांधा तोडा. विश्वासाचा माणूस पुन्हा मिळवायला वेळ लागतो."

मुडदुशी म्हणजे बंदराजवळचा एक मोबाइल दुरुस्तीवाला निघाला. त्याच्याकडे पुरावा मिळाला, तोही हातात धरता येईल असा. नुसत्या रेघा नव्हेत. त्याला उचलल्यावर दोन्ही टोकं आंधळ्यासारखी चाचपडायला लागली, आणि चाचपडताना सापडली. साहेबांना शाबासकी मिळाली. मॅडमना आम्ही पेढे नेले. त्यांनी एक खाल्ला, बाकीचे भावाच्या घरी पाठवले आणि विचारलं, "तिसरा दिवस कधी?"

त्या शाबासकीनेच घात केला. रत्नागिरीची पद्धत म्हणून ती वर गेली, पण वर गेला तो पहिला दिवस. मोजायचा.

थोड्या महिन्यांनी मुंबईचं एक पथक आलं. शहरातल्या एका संशयित पोराचा फोन त्यांच्या नजरेखाली होता. त्या पोराला खाडीकाठच्या एका गावातून फोन आला, अगदी थोडा वेळ. त्याच सकाळी त्याच नंबरावरून गावोगावी, मुंबईला, आखाती देशांत असे भराभर फोन गेलेले. सगळे तेवढेच थोडके. आणि त्यानंतर एकेक करत बरेचसे फोन हलले आणि त्या गावाच्या टॉवरखाली गोळा झाले. पथकाने चित्र काढलं. मधोमध ठिपका. मग नाव बघितलं, आणि नाव त्यांना हवं तसंच होतं.

तो उस्मानचाचा. जन्मभर जहाजावर स्वयंपाकी होता, आता घरी. आंब्याची चार कलमं, एक म्हैस, आणि थोरला मुलगा जहाजावर लागण्याच्या खटपटीत. त्याला सकाळी दारातून उचलून नेलं. बायको पाखाडीच्या पायऱ्यांवर उभी राहून विचारत होती, कुठे नेताय ते तरी सांगा. कोणी सांगितलं नाही.

पथकाचे अधिकारी मॅडमना मानायचे, त्यांचीच पद्धत म्हणून. मोठ्या हौसेने त्यांनी मॅडमना बोलावून चित्र दाखवलं. मी तिथेच होते. मॅडमनी चष्मा वर केला, खाली केला.

"फोन किती लांबीचे?"

"एकदम छोटे. सूचना दिल्यासारखे."

"मग माणसं जमली. किती वेळ होती?"

"दुसऱ्या दिवशी बहुतेक परत. काही तर त्याच संध्याकाळी."

मॅडम खुर्चीत टेकल्या. "अहो, ही मयत आहे."

त्यांना कळलंच नाही. कळणार कसं? कोकणात आमच्या प्रत्येक वाडीत, प्रत्येक मोहल्ल्यात एक माणूस असतो. कोणी गेलं की घरच्यांना रडू द्यायचं आणि खबर त्याने द्यायची. अर्धं गाव मुंबईला, पाव गाव परदेशात. सगळ्यांचे नंबर याच्याकडे. खबरेचा फोन लांबत नाही. अमकी गेली, चारला दफन, निघा. बस्स. पुढच्याला फोन. माणसं हातातलं टाकून निघतात. हे आम्ही लहानपणापासून बघतो, म्हणून आम्हाला ते दिसत नाही. आणि मुंबईच्या पथकाने कधी बघितलंच नाही, म्हणून त्यांना त्यात कट दिसला. त्या दिवशी उस्मानचाचाची चुलती वारली होती. संशयित पोरगा तिचा नातू.

"मॅडम, कव्हर म्हणून मयत वापरतात," एक अधिकारी म्हणाला. दुसरा हसला.

"कबर खोदलेली आहे तिथे. जाऊन बघा," मॅडम म्हणाल्या आणि उठल्या. जाताना साहेबांना म्हणाल्या, "उद्या अर्धा तास द्या मला. तिसरा दिवस राहिलाय."

दुसऱ्या दिवशी त्या दोन मोठे कागद घेऊन आल्या. दोन्हींवर एकेक चांदणी, जवळजवळ जुळी. दोन्हींत सगळी माशांची नावं. एकाच्या मध्ये हलवा, दुसऱ्याच्या मध्ये सरंगा. बाजूला फोनच्या वेळा, लांबी, कोणता फोन कुठून कुठे गेला, सगळं व्यवस्थित.

"यातला एक तुमचा माणूस आहे. दुसरा कोण ते नंतर सांगते. धोकादायक कोणता?"

पथकाचे अधिकारी वाकून बघायला लागले. आपसात कुजबुजले. मग वरिष्ठ होते त्यांनी बोट ठेवलं. "हा. सरंगा. याचे फोन जास्त शिस्तीत आहेत. आणि परदेशातही केलेत."

"नक्की?"

"नक्की."

"सरंगा म्हणजे माझा भाचा श्रीकांत. इथे एमआयडीसीत कामाला आहे. माझे काका वारले तेव्हा खबर त्याने दिली. त्याच्या फोनमधून मी हे उतरवून घेतलं, त्याला विचारून. परदेशातला फोन काकांच्या मुलीला, मस्कतला." मॅडमचा आवाज वर्गातला होता, जराही चढला नाही. "तुम्ही चार दिवस बसवून ठेवलाय तो हलवा. जीप आहे ना खाली? मग श्रीकांतलाही घेऊन जा. मी घर दाखवते."

"मॅडम, तुमचा भाचा आणि तो माणूस, यात फरक आहे."

"असेल. काय फरक आहे, सांगा."

त्याने कागद आपल्याकडे ओढला.

"मोठ्याने सांगा. या कागदावर दिसतो का तो फरक? दिसत असेल तर बोट ठेवा."

कोणी बोट ठेवलं नाही. माळकरी हवालदार खिडकीबाहेर बघत होते. साहेबांनी घसा खाकरला आणि चहा मागवला. मॅडमनी चहा घेतला नाही.

"ही अक्कल मीच शिकवली तुम्हाला," त्या शेवटी म्हणाल्या. "मोजायची. हत्यार दिलं आणि मूठ कुठे ते सांगायच्या आधी तुम्ही पळालात. यात माझाही हात आहे, म्हणून मी इथे उभी आहे. नाहीतर तुमच्यासमोर बोलायची मला हौस नाही."

उस्मानचाचाला सोडलं. कोणी माफी मागितली नाही; "चौकशी पूर्ण झाली" असं तोंडी सांगितलं आणि एसटी स्टँडवर उतरवलं. मला वाटलं, संपलं. मॅडमना तसं वाटलं नाही, आणि त्यांचंच खरं ठरलं. मुलाच्या जहाजाच्या कागदांसाठी पोलिसांचा दाखला लागायचा. संगणकात बापाचं नाव निघायचं आणि दाखला अडायचा. मॅडम साहेबांकडे गेल्या. नाव काढा म्हणाल्या.

"मॅडम, नाव घालता येतं, काढायची सोय नाही. ते वरून होतं."

"वरून म्हणजे कुठून?"

"वरून."

"अहो, पाटीवरचं सुद्धा पुसता येतं. ज्या फळ्याला पुसणं नाही त्यावर लिहायला मी आमच्या पोरांना कधी शिकवलं नाही."

त्या मुंबईला गेल्या. कोणत्या कोणत्या दारांत उभ्या राहिल्या, मला सगळं माहीत नाही. मला सांगून त्यांना माझी नोकरी अडचणीत आणायची नव्हती. एका ठिकाणी त्यांना विचारलं म्हणे, "तुमचं आणि त्याचं नातं काय?" यांनी सांगितलं, "मी गणिताची बाई आहे, आणि उत्तर चुकलंय." त्या माणसाने त्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि स्वतः मागच्या दाराने घरी गेला. नाव आजही तसंच आहे. ज्या राज्यात माझ्यासारखी वाढप्याची मुलगी सरकारी खुर्चीत बसते, तिथे एका बापाने मयताचे फोन केले म्हणून पोराला जहाज मिळत नाही. पोरगा आता राजापूरला काजूच्या कारखान्यात आहे. आणि पुण्यात थंडगार हॉलमध्ये तेच चित्र यश म्हणून दाखवतात. चित्र मॅडमच्या पद्धतीचं, ठिपका उस्मानचाचाचा, आणि दोघांचं म्हणणं कुठेच नाही.

मॅडमनी आमच्या खोलीत येणं बंद केलं. भिंतीवरचे मासे साहेबांनी रंग देऊन घालवले.

मॅडम गेल्या वर्षी वारल्या. मी तेव्हा बदलीवर होते, लांब. मला खबर कळली ती एका जुन्या विद्यार्थ्याच्या स्टेटसवरून, हार घातलेल्या फोटोवरून, तोपर्यंत दिवस निघून गेले होते. श्रीकांतने फोन केले नव्हते. आता तोही करत नाही. सरंग्याची गोष्ट त्याने ऐकली होती.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते बदलीच्या आधी. निरोप घ्यायला मिरजोळ्याला गेले तर घर बंद. भावजय म्हणाली, "खाडीपलीकडे गेल्यात, उस्मानकडे. मयत झाली तिथे कोणीतरी." मी सुट्टीवर होते, साध्या कपड्यांत. गेले.

मोहल्ल्यात एक म्हातारे गेले होते. त्यांच्या घरी रडारड, आणि उस्मानचाचा आपल्या पडवीत भिंतीला टेकून बसलेला, हात मांडीखाली दाबून, थंडी वाजत असल्यासारखा. सुटून आल्यापासून त्याने फोनला हात लावला नव्हता. मधे दोन मयती झाल्या त्यांना माणसंच आली नव्हती. खांदे द्यायला शेजारच्या वाडीतून बोलवावे लागले.

मला बघून म्हणाला, "बाय, मयत झाली की फोन नाय करायचा तर काय करायचा, तूच सांग. पण माझा हात नाय होत." आणि मॅडमकडे मानेने दाखवून म्हणाला, "ह्या ऐकत नायत."

मॅडम त्याच्याच खुर्चीत बसल्या होत्या. चष्मा नाकावर, शेजारी चष्म्याची डबी. उस्मानचाचा डोळे मिटून आठवून नंबर सांगत होता आणि त्या आपल्या फोनवर लावत होत्या. त्यांच्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या नंबरवरून. पलीकडच्याने उचलला की वर्गात हजेरी घेतल्यासारख्या खणखणीत आवाजात, "मी नागवेकर बोलतेय, रत्नागिरीहून. तुमचे अब्बासचाचा गेले. अस्रच्या नमाजानंतर दफन आहे. निघा." ठेवला. पुढचा.

मी पायरीवर उभी राहून म्हटलं, "मॅडम, तो संशयित पोरगा अजून नजरेखाली आहे. गावचा प्रत्येक फोन नोंदला जातो. तुमचा नंबर मधोमध येईल."

त्यांनी फोन कानाला लावलेलाच ठेवला, दुसऱ्या हाताने मला बस म्हणून खुणावलं.

"येऊ दे की," त्या म्हणाल्या. "मोजता येतं ना त्यांना? मग मोजू देत." आणि पलीकडे कोणीतरी उचलल्यावर पुन्हा, "मी नागवेकर बोलतेय."